शुक्रवारची अठरा मिनिटं

आमच्या चाकणच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. माझ्या माहेरी हे अजून कुणाच्या पचनी पडलेलं नाही. दर रविवारी सकाळी आईचा फोन येतो, 'आज तरी निवांत उठलीस का?' आणि मी तेव्हा कंपनीच्या दारात ओळखपत्र दाखवत असते. गुरुवारची ही सुट्टी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. माझ्या शास्त्रीय दृष्टीची जी शोभा झाली, तीही तिच्यामुळेच.

मी मापं तपासते. आमच्या कारखान्यात गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये बसणाऱ्या पोलादी पिना होतात, करंगळीएवढ्या. केसाच्या जाडीचे पंधरा भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतकी चूकसुद्धा त्यांना चालत नाही. हे सांगायला लागले की माझा आवाज आपोआप चढतो आणि घरचे एकमेकांकडे बघू लागतात. पण एकवीस वर्षांनंतरही मला याचं अप्रूप वाटतं. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट एका सुईच्या टोकावर पकडता येते, यापेक्षा मोठा चमत्कार मला तरी कुणी दाखवलेला नाही.

माझ्या खोलीला स्टँडर्ड रूम म्हणतात. बारा महिने तेरा काळ तिथं वीस अंश तापमान. बाहेरचे बूट दाराशी काढायचे, आतल्या पांढऱ्या सपाता घालायच्या. मखमलीच्या पेटीत 'मास्टर' ठेवलेले असतात, म्हणजे ज्यांच्याशी ताडून बाकी सगळं मोजायचं, ते पोलादाचे नमुने. त्यांना उघड्या हातानं शिवायचं नाही, कारण बोटाच्या उबेनंही पोलाद फुगतं.

ग्राइंडिंग मशीनवरचे मामा पिना तपासून घ्यायला यायचे, तेव्हा बूट काढून उंबऱ्याला हात लावायचे आणि तो हात कपाळाला. मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. पंचावन्नच्या पुढचे, चाकणजवळच्याच गावातले, म्हणून सगळी कंपनी त्यांना मामा म्हणते. मीही म्हणते.

"मामा, हे देऊळ नाही," मी एकदा सांगून पाहिलं.

"चपला भाईर, सोवळं आत, आन मखमलीतल्याला शिवायचं न्हाई. मंग काय हाय हे?"

मी ताडकन समजावायला बसले. इथं विश्वासाचा मामला नाही, हा मास्टर दरवर्षी वरच्या प्रयोगशाळेत जातो, तिथल्या मास्टरशी ताडला जातो, तो त्याच्याहून वरच्याशी.

"आन सगळ्यात वरचा? तुमी बघितलाय?"

"मी नाही बघितला. पण कुणालाही जाऊन बघता येतो."

"आमचा बी येतो," मामा म्हणाले. "पायऱ्या तेवढ्या चढाव्या लागत्यात."

त्यांचा म्हणजे डोंगरावरचा खंडोबा. मामांच्या शर्टाच्या खिशात भंडाऱ्याची पुडी कायम असायची. शिफ्ट सुरू करताना चिमूटभर हळद मशीनवर, उरलेली कपाळावर, आणि मग हात जोडून बराच वेळ काहीतरी पुटपुटणं. अठरा वर्षं त्यांनी तेच एक मशीन चालवलं होतं. ते परदेशातून लाकडी पेटीत आलं, तेव्हा पेटीचे खिळे काढायलाही मामाच होते.

माझे वडील तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात देव्हारा नव्हता. संध्याकाळी शेजारची मुलं पाढे आणि परवचा म्हणायची, आणि आम्हाला वडील विचारायचे, आज काय तपासलंस? तपासल्याशिवाय मानायचं नाही, हे त्यांचं वाक्य माझ्या हाडीमासी खिळलेलं आहे असं मी समजत होते. मामांच्या पुटपुटण्याकडे मी त्यामुळे जरा वरूनच बघायचे. वाईट बोलले नाही कधी. फक्त हसायचे, आणि ते हसू काही बरं नव्हतं.

पावसाळा अर्धा सरला होता, तेव्हा ग्राहकाकडून तक्रार आली. पिना माप सोडून बारीक येताहेत. सगळ्या नाही, काही पेट्यांतल्या काहीच. चिठ्ठ्या पाहिल्या तर सगळ्या पेट्या शुक्रवारी पहिल्या शिफ्टला भरलेल्या, मामांच्याच मशीनवरच्या.

मी हातातला चहा तसाच टाकून मशीनकडे गेले. पिनेचं माप घ्यायला मशीनशेजारी एक डायल असतो. शिफ्टच्या सुरुवातीला मास्टर त्याच्याखाली ठेवून सुई शून्यावर आणायची, मग तासातासाला एखादी पिन मोजायची. मी तो मास्टर उचलला, भिंगाखाली धरला, आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पिवळे कण होते. हळद. खंडोबाचा भंडारा.

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद अनेक वर्षांत झाला नव्हता. श्रद्धेनं माप बिघडवलं होतं आणि तो पुरावा माझ्या भिंगाखाली होता. मी त्या दिवशी बस चुकवली, बसून अहवाल लिहिला, छायाचित्रं जोडली. 'मूळ कारण: पूजेतील हळदीचे कण मास्टरवर बसल्याने माप चुकले.' पुनावळ्याला रिक्षानं घरी जाताना वडिलांची आठवण आली. ते असते तर त्यांनी पाठीवर थाप मारली असती, असं वाटलं.

अहवाल कारखान्याच्या मोठ्या साहेबांकडे गेला. दोन दिवसांत मशीनवर पूजा बंदची सूचना लागली आणि मामांच्या हातात मेमो पडला: यापुढे चूक झाली तर मशीनवरून काढून पॅकिंगला पाठवण्यात येईल. मामांनी सही केली. पुढच्या शुक्रवारी त्यांची पहिली शिफ्ट होती. त्यांनी भंडाऱ्याची पुडी लॉकरमध्ये ठेवली, भोंगा होताच मशीन सुरू करून पहिली पिन लावली, आणि त्या दिवशी पिना आधीपेक्षाही जास्त माप सोडून गेल्या. साहेबांनी तोंडी सांगून टाकलं, दसरा झाला की पॅकिंग.

त्याच दुपारी मामा माझ्या दाराशी आले. बूट काढले, उंबऱ्याला हात लावला आणि आत न येता तिथंच उभे राहिले.

"मॅडम, येक इचारू? भंडारा बंद केला, तर माप जादा बिघाडलं. मंग भंडारा गुन्हेगार कसा?"

मी काहीतरी बोलले. आधीचे कण राहिले असतील, पूर्ण साफ झालं नसेल.

"भंडाऱ्यानं माप किती चुकतं?"

मी टेबलावरचा अहवाल उलटून पाहिला. तो आकडा त्यात नव्हता.

"तपासलं का तुमी?" मामांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं पडलं असतं.  मी तपासलं नव्हतं. हळद दिसली आणि मी मानून मोकळी झाले होते.

"द्या पुडी," मी म्हटलं. शिफ्ट संपताच लॉकरमधून काढलेली ती परत त्यांच्या खिशात होती.

स्टँडर्ड रूमच्या इतिहासात तिथं कधी भंडारा आला नसेल. मी चिमट्यानं एक कण उचलला, मास्टरच्या खाली ठेवला, डायलची सुई शून्यावर आणली. मग कण काढून, सगळं पुसून, बरोबर मापाची पिन मोजली. सुई मागे सरकली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी खुर्चीवरून उठले.

"मामा, हे उलटं आहे. कण असला तर डायलला चांगली पिनसुद्धा बारीक दिसणार. म्हणजे माणूस ती कमी घासणार. भंडाऱ्यामुळे चूक झाली असती तर पिना जाड आल्या असत्या. परत आल्यात त्या तर बारीक आहेत."

"मंग?"

"मग भंडारा सुटला." मी चिमटा खाली ठेवला. "माझा अहवाल चुकला."

यात लाजिरवाणं एवढंच की हे शाळकरी गणित होतं. मी ते केलंच नव्हतं, कारण मला हवं ते उत्तर आधीच सापडलं होतं.

मामा शांतपणे म्हणाले, "त्या शुक्रवारांच्या चिठ्ठ्या काढा. मेमोच्या आधीच्या. मी कुटल्या शिफ्टला हुतो ते बघा."

आमच्याकडे एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. चिठ्ठीवरचा मशीनचा नंबर मी पाहिला होता, कामगाराचं नाव पाहिलंच नव्हतं. मी चिठ्ठ्या टेबलावर तारखेनं मांडल्या. बिघडलेला प्रत्येक शुक्रवार एक आड एक. मामा दुसऱ्या शिफ्टला असताना सकाळी मशीन दुसऱ्या कामगाराकडे असायचं, ते सगळे शुक्रवार बिघडलेले. मामा सकाळी असायचे, पूजा करायचे, तेव्हाचे सगळे शुक्रवार निर्मळ. आणि पूजा बंद केली, तो पहिलाच शुक्रवार मातीत.

म्हणजे आकडे असं म्हणत होते की खंडोबाला हात जोडले की माप टिकतं. मी, देव्हारा नसलेल्या घरातली मुलगी, माझ्याच हस्ताक्षरातल्या मापांकडे बघत उभी होते. मला भीती वाटत नव्हती, मजा वाटत होती. असं काही समोर आलं की मला दुसरं काही सुचत नाही, भूकसुद्धा लागत नाही.

"मामा, पूजेत काय काय करता ते सांगा. पहिल्यापासून. एकही गोष्ट गाळू नका."

"मेन स्विच टाकतो. पानी सोडतो. घासायचं चाक चालू करतो. मंग बूट काडतो, भंडारा..."

"थांबा. चाक आधी चालू करता? पूजेच्या आधी?"

"व्हय. बंद मशीनपुढं काय हात जोडायचे?" मामांना माझा प्रश्नच कळला नाही. "देवाफुडं आदी दिवा लावतो का न्हाई?"

"आणि मग हात जोडून किती वेळ?"

"नावं संपस्तवर."

मी स्टॉपवॉच काढलं आणि त्यांना नावं घ्यायला सांगितलं. मामांनी दारातच डोळे मिटले. आधी खंडोबा, मग गावचा भैरवनाथ, पिंपळावरचा मुंजाबा, शिवेवरचा वेताळ, जुन्या रस्त्यावरचे पीरबाबा. विहिरीतल्या साती आसरा, एकेक करून. ती विहीर बुजवून तिथं आता कुणाचं तरी गोदाम आहे, पण आसरा कुठं जातील, असं त्यांनी मधेच डोळे न उघडता सांगितलं. मग बांध, मग वाडवडील, मग त्या मशीनवर काम करून निघून गेलेली माणसं. अठरा मिनिटं झाली.

अठरा मिनिटं चाक रिकामं फिरत होतं! गुरुवारी दिवसभर बंद राहून गार पडलेलं मशीन त्या अठरा मिनिटांत तापत होतं. तापलं की पोलाद फुगतं, चाक केसाच्या अंशाइतकं पुढे सरकतं आणि मग स्थिर होतं. बाकीचे गार मशीनवर पहिली पिन बरोबर मापाची लावत, आणि मग पिना निघत असताना मशीन तापत जाई, चाक पुढे सरके, पिना बारीक होत जात. इतकं सोपं. आमच्या रोजच्या तपासणीच्या कागदावर 'वॉर्म-अप केला का' अशी ओळही आहे. मीच लिहिली आहे. सगळे तिथं बरोबरची खूण करत होते आणि कुणीही ते करत नव्हतं, आणि जो करत होता तो त्याला पूजा म्हणत होता.

मी हे सगळं मामांना एका दमात सांगितलं. हातवारे करत, टेबलावर पिना मांडून. मामा ऐकत होते. माझं संपलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे माप खंडोबा राखत न्हाई. मशीन तापती म्हनून ऱ्हातं."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की मी कुणाशी बोलत होते. मी घाईघाईनं म्हटलं, तसंच अगदी नाही, दोन्ही असेल, आपल्या जुन्या लोकांना कदाचित माहीत असेल. एरवी असलं कुणी बोललं की माझी तळपायाची आग मस्तकाला जाते, आणि मी स्वतः तेच गुळमुळीत बोलत होते.

"असंल-बिसंल नगं," मामा म्हणाले. "तपासू. येका शुक्रवारी मी मशीन चालू ठिवून गप उबा ऱ्हातो. नाव घेत न्हाई, भंडारा न्हाई. दुसऱ्या शुक्रवारी समदी नावं घेतो, पर मशीन बंद."

"मामा, त्या दुसऱ्या शुक्रवारी माप गेलं तर तुमच्या नावावर लागेल. पॅकिंग पक्कं होईल."

"लागू द्या."

"आणि पहिल्या शुक्रवारी पूजेशिवाय सगळं ठीक आलं तर?"

मामांनी खिशातली पुडी नीट दुमडली. "खंडोबाला भ्यालो असतो तर तपासू नगा म्हनलो असतो."

साहेबांनी पूजेला परवानगी दिली नसती. ट्रायलला दिली. त्यांनी कागदावर सही केली आणि वर म्हणाले, नीट करा, दसऱ्याच्या आधी संपवा.

पहिल्या शुक्रवारी सात वाजता मी स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभी राहिले. मामांनी चाक सुरू केलं आणि हात मागे बांधले. माणसाला गप्प राहायला इतकं जड जाताना मी पाहिलं नव्हतं. ओठ घट्ट मिटलेले, कपाळाची शीर उडतेय, आणि नजर समोरच्या भिंतीवर. मध्येच म्हणाले, "मॅडम, काईतरी बोला, न्हाईतर नावं येत्यात." मग मी त्यांना पुनावळ्याच्या रस्त्याचं काम, पाण्याचे टँकर, काय वाटेल ते सांगत राहिले. अठरा मिनिटांनी पहिली पिन लागली. तीस पिना मोजल्या. सुई जागची हलली नाही.

"आली का बरूबर?"

"आल्या. सगळ्या."

"बरं झालं," मामा म्हणाले आणि कामाला लागले. मी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, ते मला सापडलं नाही.

दुसरा शुक्रवार दोन आठवड्यांनी आला. मशीन बंद, गार. मामांनी बूट काढले, भंडारा टाकला आणि डोळे मिटून नावं सुरू केली. या वेळी नेहमीपेक्षा जास्त जीव ओतून, प्रत्येक नाव सावकाश. आजूबाजूची मशीनं सुरू झाली होती आणि त्या आवाजात मला फक्त ओठ हलताना दिसत होते. नावं संपली, त्यांनी चाक सुरू केलं आणि लगेच पहिली पिन लावली. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. पाचवीही. मी डायलवर डोळे लावून बसले होते आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते आज मान्य करते. मी म्हणत होते, हलू नकोस. मी त्या सुईला विनवत होते. विनवायला समोर दुसरं कुणीतरी आहे असं समजूनच विनवत होते. मामांचं मशीन जाऊ नये, एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी सगळं पदार्थविज्ञान खोटं ठरलं असतं तरी त्या घटकेला मला चाललं असतं.

नवव्या पिनेला सुई हलली. मग दोन मायक्रॉन, मग चार. विसाव्या पिनेला ती मर्यादा ओलांडून गेली.

मी वर बघायला तयार नव्हते. मामा वाकून डायल बघत होते. ते हसले. "सुई खरं बोलती, मॅडम."

"मामा, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"कशाचं? मी मापासाटी कवा हात जोडलेच न्हाईत."

"मग कशासाठी?"

मामांनी पुढची पिन काढून माझ्या हातात दिली, ती कोमट होती. "हितं आमी ऱ्हातो. ज्यांच्या जागंत ऱ्हातो त्यांची नावं घ्यायची आसत्यात. तुमी कुनाच्या घरी गेला तर नमस्कार करत न्हाई व्हय?"

मी दोन्ही शुक्रवारांचे आकडे साहेबांना दिले. साहेब खूश झाले, आणि इतके खूश का झाले, ते मला खंडेनवमीला कळलं. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या मशीनांची पूजा असते. हार, नारळ, पेढे, मशीनवर कुंकवाची स्वस्तिकं. सूचनेतली बंदी त्या दिवशी कुणी आठवत नाही. ग्राहकाचे लोकही आले होते, कारण तक्रारीचं उत्तर त्यांना ऐकायचं होतं. साहेबांनी माईक घेतला, मामांना पुढे बोलावलं आणि जाहीर केलं की मामांचा मेमो आज मागे घेतला जातोय. टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, आपल्या पूजेत विज्ञान आहे, मामांच्या नामस्मरणाच्या लहरींनी मशीन स्थिर होतं, आणि हे आमच्या मॅडमनी मोजून सिद्ध केलंय.

सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवू लागले. मी तिथं उभी होते आणि गप्प होते. हे मला लिहायलाच हवं. मला वाटलं, बोलले तर माझा पहिला अहवाल ग्राहकासमोर उघडा पडेल. आणि मामांचं मशीन तर वाचलंय. असं वाटलं आणि मीही हळूच दोन टाळ्या वाजवल्या.

मामा माईकपाशी गेले नाहीत. जागेवरूनच म्हणाले, "साहेब, येक चुकतंया. पूजेनं न्हाई झालं."

साहेब हसले. "मामा, तेच ते."

"तेच न्हाई. नुसती पूजा केली तवा माप गेलं. मी सोता मशीनवर हुतो. मशीन तापल्यानं ऱ्हातंय." मेमो मागे घेतल्याचा कागद अजून साहेबांच्याच हातात होता आणि मामा त्या कागदाकडे बघत होते. "खंडोबाच्या नावावर खोटं नगं, साहेब. त्याला माज्या खोट्याची गरज न्हाई."

 मी हात वर केला. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीनं करावा तसा. आतून मला फार मोकळं वाटत होतं, उडी मारायच्या आधी वाटतं तसं. "मामा म्हणतात ते बरोबर आहे," मी म्हटलं. "आणि हळदीमुळे माप बिघडतं हा माझा आधीचा अहवाल चुकीचा होता. मी तपासलं नव्हतं. तपासायला मामांनी लावलं."

साहेबांचा चेहरा उतरला. ग्राहकाच्या माणसानं मात्र वही उघडली आणि एवढंच विचारलं, "मशीन तापायला नक्की किती मिनिटं लागतात? ते लिहून पाठवा." साहेबांनी थोडा वेळ तो कागद हातात फिरवला आणि मग मामांना दिला. मशीन मामांकडेच राहिलं. साहेब मात्र पुढचे महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

किती मिनिटं, हे मी मोजायला बसले. तीन शुक्रवार मोजलं. दर वेळी चौदाव्या मिनिटाला सुई स्थिर व्हायची. एक मिनिट वरचं धरून पंधरा. मामांची नावं अठरा मिनिटांची. मी तो कागद घेऊन मशीनपाशी गेले आणि हळू आवाजात विचारलं, "मामा, अठरा लिहू का? कोण बघतंय."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की माझे वडीलच आठवले.

"मोजल्यावर किती आलं?"

"पंधरा."

"मंग पंधरा लिवा. तीन मिनिटं माजी हायती."

आता मशीनवर पूजाबंदीच्या सूचनेच्या जागी पाटी आहे, 'शुक्रवार: चाक रिकामे फिरवणे, १५ मिनिटे', आणि ती प्रत्येक शिफ्टला खरोखर पाळली जाते. मामांच्या सकाळच्या शुक्रवारी ते सातला तीन मिनिटं कमी असतानाच मशीनपाशी पोचलेले असतात. मीही तोवर आलेली असते, बाजूला उभी राहते. मी हात जोडत नाही, खंडोबा आहे असं मला अजूनही वाटत नाही, आणि मामांना ते ठाऊक आहे. ते चाक सुरू करतात, बूट काढतात, पुडी उघडतात, नावं सुरू होतात. सातचा भोंगा होतो, तेव्हा विहिरीतल्या आसरा चाललेल्या असतात, आणि मी खिशातलं स्टॉपवॉच सुरू करते. त्याच्या आधीच्या तीन मिनिटांत मी काहीही मोजत नाही.